तीनची घंटा वाजली नाही

"अजून एक थेंब माझ्या उशीवर पडला ना हेनिंग, तर ही गाडी विकायची आणि आपण दोघांनी बाल्कनीत खुर्च्या टाकून बसायचं," ट्राउडे म्हणाली.

हेनिंगने उशी उलटून ठेवली. त्यांच्या कॅम्पर व्हॅनची, पलंगालगतची मोठी काच वसंतापासून गळत होती. पाणी नेमकं कुठून शिरतं ते कोणालाच कळत नव्हतं, पण पडतं कुठे ते ट्राउडेला पक्कं ठाऊक होतं. काल रात्री तर ते उशीवरून घरंगळलं आणि थेट शंकूपर्यंत पोचलं.

शंकू नातीचा होता. योरिंडे शनिवारी पहिल्यांदा शाळेत जाणार होती. त्यांच्याकडे त्या दिवशी पोराच्या हातात खाऊने भरलेला, जवळजवळ त्याच्याच उंचीचा कागदी शंकू द्यावा लागतो. तो नसला तर पोर शाळेच्या दारात उघडंबोडकं दिसतं. ट्राउडेने महिनाभर खपून शंकू केला होता. निळा कागद, चंदेरी तारे आणि मधोमध लाल कोल्हा. आता कोल्ह्याची शेपटी ओघळून त्याच्या पायांत आली होती. उद्या सकाळी याच गाडीने लेकीकडे निघायचं होतं, रात्रीचा मुक्काम याच गाडीत होता आणि रेडिओवर वाटभर पाऊस सांगितला होता.

"शंकू रुडिगरकडे ठेवू का?" हेनिंगने विचारलं.

"त्याच्या कुत्र्यापाशी? त्याने परवा माझी चप्पल खाल्ली. यात तर चॉकलेटं आहेत."

रुडिगर याच कॅम्पिंगच्या तळावर, शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायचा. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला. तो गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "अरे, अर्ध्या तासाचं काम! तारेने जुना गोंद कापायचा, काच काढायची, घासूनपुसून नवा गोंद लावायचा, काच परत बसवायची. संपलं."

"तू केलंयस कधी?"

"पाहिलंय. तीन वेगवेगळे व्हिडिओ."

दोघांनी बाराच्या सुमारास काम काढलं. गोंदात भोक पाडून तार आरपार घातली. एक टोक आत हेनिंगच्या हातात, दुसरं बाहेर रुडिगरच्या. मग करवतीसारखी ओढाओढ सुरू झाली. तार अशी किंचाळत होती की तळ्यावरची बदकं उडून गेली. तीन बाजू सुटल्या. चौथीला हात घालणार, तोच फाटकाजवळची घंटा वाजली. एक.

हेनिंगचे हात जागच्या जागी थिजले. तळ्याकाठच्या त्या तळावर एक ते तीन दुपारची शांतता असे. या वेळात फाटकाचा दांडा खाली येई. गाडी हलायची नाही, खुंटी ठोकायची नाही, दार आपटायचं नाही. तळाचे रखवालदार कुबिट्स्केसाहेब गस्त घालत. आपल्याच बुटांचा आवाज नको म्हणून ते खडीवरून न जाता कडेच्या गवतावरून चालत. एकदा ते कोकिळेकडेही बराच वेळ रोखून बघत उभे होते, असं लोक सांगत.

आता ते गवतावरून आले, तसेच. उंच, सडपातळ, ओठांवर बोट.

"करवत कोण चालवतंय?" ते कुजबुजले.

"करवत नाही हो, तार आहे," रुडिगर कुजबुजला.

"तारेला आवाज आहे. तीननंतर."

"पण साहेब, काच तीन बाजूंनी सुटलीय आणि आभाळ बघा ना!"

कुबिट्स्केंनी आभाळाकडे पाहिलं. ते तळ्यापलीकडून काळं होऊन येत होतं. "नियमात आभाळाचं काही नाही," एवढं बोलून ते गवतावरून निघून गेले.

तेव्हा ट्राउडेने भांडी घासायचा साबण आणून तारेवर ओतला. साबण लागताच तार मुकी झाली. पुढचं सगळं खुणांनी चाललं. काच उचलून गवतावर ठेवली. जुना गोंद हळूहळू, लोण्यासारखा खरवडला. मध्येच रुडिगरला शिंक आली, ती त्याने कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून दिली. कडा पुसून, नवा गोंद नीट धरावा म्हणून काळ्या अस्तराचा हात फिरवला. मग रुडिगरने पिचकारीतून गोंदाची जाड वात चौकटीभोवती फिरवली. एकदाही न थांबता, ट्राम वळणावर न्यावी तशी. दोघांनी काच उचलली, बसवली, दाबली. गोंद सुकेपर्यंत काच धरून ठेवायला हेनिंगने चिकटपट्ट्या लावायला घेतल्या आणि पहिला थेंब त्याच्या टकलावर पडला.

ओल्या पत्र्याला पट्टी कसली चिकटते! एक सुटली, दुसरी सुटली. वजनदार काच ताज्या गोंदावरून हळूच खाली घसरू लागली. हेनिंगने खालून हात दिला, तर ती वरून बाहेर कलली. नेमके तेव्हाच कुबिट्स्के दुसऱ्या फेरीवर, ओठांवर बोट ठेवून, कोपऱ्यावरून वळले.

"धराऽऽ!"

एवढ्या वर्षांत त्या तळावर दुपारच्या वेळी कोणी असं ओरडलं नव्हतं आणि ओरडणारे स्वतः कुबिट्स्के होते. चहूकडचे पडदे सरकले. तोवर त्यांनी झेप घेऊन, आपले लांब हात पसरून काचेची वरची कड दोन्ही तळव्यांनी दाबून धरली होती.

"आता हलू नका!" रुडिगरने त्यांच्यावर छत्री धरली. "हलवलं की गोंदाची वात तुटते."

"किती वेळ?"

"पकडेपर्यंत. एक बरं आहे, हा गोंद हवेतली ओल पिऊनच घट्ट होतो."

"मग आज त्याची मजा आहे," कुबिट्स्के म्हणाले. त्यांच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत जात होतं.

खाली हेनिंग गुडघ्यांवर, वर कुबिट्स्के टाचा उंचावून. असा बराच वेळ गेला आणि गावातल्या चर्चच्या घड्याळाने तीनचे ठोके दिले. कुबिट्स्केंचा चेहरा उतरला.

"घंटा. मला घंटा वाजवायला हवी."

"मी वाजवते ना, किल्ली द्या," ट्राउडे म्हणाली.

"घंटा रखवालदारानेच वाजवायची. नियम आहे. मीच केलाय." त्यांनी डोळ्यांनीच फाटकाकडे खूण केली. "आणि वाजली की दांडा वर जाणार. गाड्या सुटतील, दारं आपटतील, पोरं चेंडू मारतील. इथली जमीन हादरते, बाई."

काचेतून त्यांना आतला पलंग दिसत होता. ट्राउडेने तिचा रेनकोट शंकूला घातला होता आणि ती स्वतः भिजत उभी होती. रेनकोटाच्या गळ्यातून ओघळलेला कोल्हा बाहेर बघत होता.

"शाळा कोणाची?" त्यांनी विचारलं.

"नातीची. शनिवारी."

कुबिट्स्केंनी काचेतून कोल्ह्याकडे पाहिलं. "माझ्या शंकूत वरती चार गोळ्या होत्या, खाली सगळा वर्तमानपत्राचा बोळा. आईने सांगितलं होतं, पोरांसमोर तळापर्यंत हात घालू नकोस." त्यांनी तळवे आणखी दाबले. "नाही वाजवत घंटा."

आणि घंटा वाजली नाही, म्हणून तीन वाजले नाहीत. लोकांच्या मनगटांवर वाजले होते, भिंतीवर वाजले होते, पण घंटेवाचून कोणी हलेना. पाऊस थांबला तरी कोणी चेंडू काढला नाही. एक गृहस्थ गवत कापायच्या यंत्राची दोरी हातात धरून पुतळ्यासारखे उभे होते. ऐंशीच्या डॉर्टेबाई गाउनवर शाल घेऊन, चवड्यांवर चालत आल्या.

"तीन झाले का हो?" त्यांनी ट्राउडेच्या कानाशी येऊन विचारलं.

"घड्याळात साडेचार झालेत. घंटा नाही झाली."

"मग मी बरोबर होते," असं म्हणून त्या परत झोपायला गेल्या.

ट्राउडेने आलुबुखाराचा केक कापला. कुबिट्स्केंचे हात अडकलेले, म्हणून तिने काट्याने घास त्यांच्या तोंडाशी नेला. ते आधी लाजले, मग तोंड उघडलं.

"रोज तीनला सगळीकडून कॉफीचा वास येतो," घास गिळून ते म्हणाले, "पण घंटा वाजवणाऱ्याला बोलवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. तुमची चूक नाही. मी चेहराच तसा ठेवतो."

"आ करा," ट्राउडे म्हणाली. तिने मोठा घास भरवला.

संध्याकाळ होऊ लागली, तेव्हा रुडिगरने गोंदाला नख लावून पाहिलं आणि मान डोलावली. कुबिट्स्केंनी एकेक बोट सोडलं. काच जागची हलली नाही. बाहेर आलेल्या गोंदाने त्यांचे तळवे काळे झाले होते आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यांत दोन हात उमटले होते, दहा बोटांसकट.

"पुसायला स्पिरिट आणतो," रुडिगर म्हणाला.

"हात तर लावून बघ!" ट्राउडे म्हणाली.

कुबिट्स्के घंटेकडे चालले ते फाशीच्या तख्ताकडे चालल्यासारखे. त्यांनी तीनची घंटा सहाला वाजवली आणि माफी मागायला वळले. मागे अर्धा तळ जमला होता. सगळ्यांचे केस विस्कटलेले, गालांवर उशीच्या घड्या.

"कुबिट्स्केसाहेब," डॉर्टेबाई पुढे होऊन म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून इतकी झोप मला लागली नव्हती. देव तुमचं भलं करो. उद्या कॉफीला या."

"परवा आमच्याकडे," यंत्रवाले गृहस्थ म्हणाले. "आणि गवत काय, वाढू दे."

रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे ट्राउडेने उशीवर हात फिरवला, मग शंकूवर, मग परत उशीवर. सगळं कोरडं ठणठणीत. "हेनिंग," ती म्हणाली, "बाल्कनीतल्या खुर्च्या राहू दे."

शनिवारी योरिंडे शंकू कवटाळून गाडीत चढली. पायांत शेपटी आलेला कोल्हा तिला फार आवडला. तो पावसात पळतोय, असं तिने स्वतःच ठरवलं. मग तिला काचेवरचे काळे पंजे दिसले. पलंगावर चढून तिने आपले तळवे त्यांवर टेकवले. तिचा अख्खा हात त्या तळव्यातच मावला.

"हे कोणाचे?"

"कुबिट्स्केआजोबांचे," हेनिंग कुजबुजला. "त्यांनी तुझा शंकू भिजू दिला नाही."

"मग आपण हळू का बोलतोय?" तीही कुजबुजली.

हेनिंगने ट्राउडेकडे पाहिलं. त्या काचेपाशी आलं की दोघांचाही आवाज आपोआप खाली जात होता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"ते झोपलेत का?" योरिंडेने विचारलं.

"नाही गं," ट्राउडे तितक्याच हळू म्हणाली. "ते आता कोणाकडे तरी कॉफी पीत असतील."

योरिंडेने शंकूत तळापर्यंत हात घातला, तळाचं चॉकलेट काढलं आणि आवाज होऊ न देता कागद सोडवला.