देवाआधी चाखायचं नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या लेले काकूंनी आयुष्यात कधी आमटी चाखून मीठ घातलेलं नाही. स्वयंपाक आधी देवाचा, मग माणसांचा. देवाआधी जीभ लावली की ते उष्टं. मीठ चिमटीच्या अंदाजाने. पातेल्यावर वाकून वाससुद्धा घेत नाहीत, कारण वास घेणं म्हणजे नाकाने खाणं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की सामान लागायच्या आत तो काकूंच्या तावडीत सापडतो. मग त्याला हिंदू धर्माची ओळख करून देण्यात येते, त्याने मागितलेली असो वा नसो. तिन्हीसांजेला तुळशीचं पान का तोडायचं नाही, गणपतीला दूर्वा का, उंबऱ्यावर उभं राहून काही का द्यायचं नाही. "विचारा, विचारा," त्या म्हणतात. "आपल्या धर्मात विचारायला बंदी नाही." विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं: "त्याला कारण आहे." ते कारण क्वचितच बाहेर येतं.

रोजच्या नैवेद्याचा तर सोहळाच. जमिनीवर पाण्याने चौकोन काढायचा, त्यावर ताट, भातावर तुळशीचं पान, ताटाभोवती पाणी फिरवायचं. मग देवघराचा पडदा ओढून काकू बाहेर येऊन बसतात. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये म्हणे. तेवढ्यात बेल वाजली तर दार किलकिलं करून दबक्या आवाजात "पानावर बसलेत" एवढंच सांगतात. कुरिअरवाल्याला वाटतं, आत कोणी मोठे साहेब राहतात. आत कोणीच नसतं. काका गेल्यापासून काकू एकट्याच.

त्यांना खरी टक्कर दिली ती वरच्या मजल्यावरच्या पायलने. मुलगी अमरावतीची, आयटीतली, बहुतेक घरूनच काम करते. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "काकू, देव जेवते तर भात कमी काहून नाही होत?"

"तू घरी गेलीस की आई म्हणते ना, तुला बघूनच पोट भरलं? तेव्हा तिच्या ताटातला भात कमी होतो?"

पायल म्हणाली, "ओके. पण रामाला उष्टी बोरं कशी चालली?"

"देणारी तपस्विनी होती. तू भाडेकरू आहेस."

गेल्या वर्षी काकू तापाने अंथरुणाला खिळल्या. बऱ्या झाल्या, पण एक नवीनच सवय लागली. पूर्वी प्रसादाची वाटी माझ्या हातात देऊन निघून जायच्या. आता म्हणायला लागल्या, "नीलिमा, इथेच खा," आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. "बरं झालंय ना?" आमटी एक दिवस खारट, तर दुसऱ्या दिवशी ठार अळणी. पण प्रसादाला नावं ठेवू नयेत, हे आख्ख्या सोसायटीला त्यांनीच शिकवलेलं. सगळेच "छान" म्हणायचे. वय झालं, हात चुकतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग गणपती आले. आमच्याकडे आरतीचा प्रसाद प्रत्येक घराकडे पाळीने असतो. काकूंनी बेसनाचे लाडू केले. नैवेद्य दाखवला, लाडू वाटले, आणि पार्किंगमधल्या मांडवात सगळ्यांची तोंडं चावता चावता थांबली. लाडवांत पिठीसाखरेच्या जागी मीठ होतं. प्रसाद थुंकता येत नाही, टाकता येत नाही, बोलता तर मुळीच येत नाही. "घरी नेते, सगळ्यांना थोडा थोडा," असं म्हणत बायकांनी तो रुमालात बांधला. रक्तदाबवाल्या चेअरमननी दोन्ही हातांनी लाडू कपाळाला लावला आणि खिशात घातला.

पायल तेवढी पुढे झाली. "काकू, तुम्ही लाडू खाल्लात का?"

काकूंनी ताटातला एक उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे चावून गिळला.

"का गं? गोड जास्त झालेत का?"

चेअरमननी खिशावर हात ठेवला.

आमच्या तोंडांकडे बघून त्यांना काय ते समजलं. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तापापासून जिभेला काही कळत नाही गं. नाकालाही नाही. आधी नैवेद्यानंतर जेवताना कळायचं, उद्या चिमूट कमी करायची की जास्त; आता अंदाजालाच आधार नाही. उदबत्ती लावते तर नुसता धूर दिसतो. म्हणून तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू मेली रोज छान म्हणायचीस." मग देवघराचा पडदा ओढला. "हे असते तर पहिल्याच घासाला ताट सरकवलं असतं. मिठावरून रोज बोलायचे. आता देवाला काय वाढतेय ते मलाच ठाऊक नाही. बास झालं. उद्यापासून देवाला नुसतं दूध."

दुसऱ्या दिवशी समोरून कुकरची शिट्टी आली नाही. मला दिवसभर चैन पडलं नाही. काकूंचा स्वयंपाक थांबला तर काकूंचं काय उरणार, हेच डोक्यात. पायलला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला आणि ती खाली गेली.

त्यापुढच्या सकाळी फोडणीचा वास आला म्हणून मी डोकावले. ओट्याशी पायल उभी होती आणि काकू पळीतली आमटी तिच्या तळहातावर घालत होत्या. देवघराचा पडदा अजून उघडाच होता.

"काकू, देवाआधी?"

"त्याला कारण आहे."

"अन् मी तर भाडेकरू आहे."

"असू दे. ती बोरंवाली तरी रामाची कोण होती? चाख. आणि मिठाचं खरं सांग. छान म्हणायचं नाही."

पायलने तळहात चाटला. "थोडं कमी आहे."

काका गेल्यापासून त्या घरात मिठावरून कोणी बोललं नव्हतं. काकूंनी चिमूटभर मीठ घातलं, डोळ्यांना पदर लावला आणि देवाचं ताट वाढायला घेतलं.