रावजी अस्वलाची दुनळी

बाळांनो, एका जंगलात धड रस्ता नव्हता, पण विमानतळ होता. कसा, ते विचारू नका. असतं असं.

त्या जंगलात रावजी नावाचं अस्वल होतं. घुबडांच्या बँकेच्या दारात रावजी पंचवीस वर्षं स्वतःची परवान्याची दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले. एकदाही बार काढला नाही. मग निवृत्त झाले आणि डोंगरापलीकडे लेकीकडे कायमचे राहायला निघाले. लेकीला, मंजुळाला, पहिलं पिल्लू झालं होतं. बारसं दुसऱ्याच दिवशी होतं.

"बाबा, नाव तुम्हीच ठरवायचं हं," तिनं कळवलं होतं.

रावजींनी आधी सगळे नियम वाचले. बंदूक रिकामी करून कुलपाच्या पेटीत ठेवली. काडतुसं वेगळ्या डब्यात. परवाना, दोन्ही जंगलांच्या कचेऱ्यांची पत्रं, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. विमानतळावर ते चार तास आधी पोचले आणि खिडकीतल्या साळुंकीला नम्रपणे म्हणाले, "बाई, माझ्याकडे बंदूक आहे."

साळुंकी किंचाळली. रांगेतले ससे आडवे झाले. एक म्हातारी शेळी चक्कर येऊन पडली.

"अहो, सांगायलाच हवं असा नियम आहे!" रावजी म्हणाले.

"नियम आहे, पण आजवर कुणी सांगितलं नाही ना!" साळुंकी म्हणाली.

मोठे साहेब आले. ते रानडुक्कर होते. त्यांनी कागद उलटेसुलटे केले, उजेडात धरले, हुंगले.

"यात एकही कागद कमी नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "मला हे बरोबर वाटत नाही."

"पण साहेब, सगळे कागद..."

"तेच म्हणतोय मी. बसा तिकडे. चौकशी होईल."

रावजी बाकावर बसले. मागच्या लांडग्याचा नंबर आला. त्याच्या डब्यात गावठी पिस्तूल होतं.

"डब्यात काय?" साळुंकीनं विचारलं.

"चिवडा."

"जा."

संध्याकाळी साहेबांना कागदांत काहीच सापडलं नाही. त्यांनी नाइलाजानं शिक्का मारला. रावजी धापा टाकत पळाले. विमान नुकतंच उडालं होतं. पेटी मात्र सामानात चढली होती.

"बंदूक वेळेवर पोचेल, काळजी करू नका," साळुंकी समजुतीनं म्हणाली.

पुढचं विमान आठवड्यानं होतं. रावजी पायवाटेनं निघाले. चौथ्या दिवशी, पाय सोलवटून, लेकीच्या दारात उभे राहिले.

"बाबा, मुहूर्त टळत होता हो," मंजुळा रडवेली झाली. "सासरच्यांनी बंटी ठेवलं."

रावजींनी मनात हणमंत ठरवलं होतं. त्यांनी पिल्लाला उचललं. त्यानं त्यांच्या नाकाला गच्च पकडलं.

"बंटी छान आहे," रावजी म्हणाले.

मग मंजुळानं चाचरत एक कागद पुढे केला. विमानतळावरून आलेली नोटीस होती. बंदूक पोचली, सोबत मालक नव्हता. सबब हत्यार बेवारस टाकल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

रावजींनी नोटीस दोनदा वाचली. मग बंटीला मांडीवर घेतलं आणि उत्तर लिहायला बसले. तीन प्रतींत.

तात्पर्य : कायदा पाळणाऱ्यानं कुणाला घाबरायचं काहीच कारण नसतं. फक्त त्यानं घरून आठवडाभर आधी, आणि चालतच निघावं.