एकशे चौदा जाड नावं

माणसाची योग्यता त्याच्या कर्तृत्वावरून ठरते, हा समज चुकीचा आहे. ती लग्नपत्रिकेतल्या त्याच्या नावाच्या जाडीवरून ठरते.

एकोणीसशे शहाण्णव साली सुरतेच्या लिंबायत भागात हे सत्य शास्त्रीय पातळीवर पोचलं. पत्रिका छापणाऱ्या छगनने मुंबईहून फ्लॉपीत घालून एक नवा टाइप आणला. उभी रेघ कापडाच्या ताक्याएवढी जाड, आडवी रेघ लूमवरच्या धाग्याएवढी बारीक आणि टोकांना नाजूक कंगोरे. त्या अक्षरात आमच्या गल्लीतला कोणीही इसम निदान नगरसेवक वाटे. (छगनने आधी स्वतःचंच नाव छापून पाहिलं. नंतर दोन दिवस तो कोणाशी नीट बोलला नाही.)

त्याच महिन्यात लूम कारागीर भिकनच्या धनश्रीचं लग्न ठरलं (भेस्तानच्या गजेंद्रशी). भिकनची इच्छा एकच होती, की मेहुणे हिलालराव (धनश्रीच्या आत्याचे यजमान, म्हणजे तिचे फुवा) शिरपूरहून यावेत. त्यांनीच त्याला सुरतेला आणून लूमवर उभं केलं होतं. पण साखरपुड्यात टॉवेल-टोपी आधी दुसऱ्याच पाहुण्याला दिली गेली, तेव्हापासून ते रुसले होते. म्हणून भिकनने फक्त त्यांचं नाव नव्या टाइपात टाकायला सांगितलं.

प्रूफ छगनच्या काउंटरवर अर्धा तास पडून होतं. तेवढ्यात भाऊबंदांपैकी सात जणांनी ते वाचलं.

हरकती रीतसर आल्या. आठव्या प्रूफाला एकशे चौदा नावं जाड झाली: भाऊबंद एकसष्ट, मामाकडचे सव्वीस, व्याह्यांकडचे वीस आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बालगोपाळ मंडळी सात. त्यातल्या तीन महिन्यांच्या बाळाचा आग्रह विशेष होता (आईमार्फत).

कागद मात्र तेवढाच राहिला. काहीतरी बारीक करावं लागेल, असं छगनने कळवलं. बैठक बसली. आधी मुहूर्त बारीक झाला, मग मांडवाचा पत्ता. शेवटी नवरा-नवरीची नावं एका कोपऱ्यात गेली, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत. ठराव एकमताने झाला, कारण त्या दोघांना रुसायचा अधिकार नसतो. पोरीचं नाव दिसत नाही, असं धनश्रीची आई कलाबाई तेवढी म्हणाली. तिला चष्मा करून घ्यायला सांगण्यात आलं.

हिलालरावांची पत्रिका परत आली. सोबत निरोप होता, "सगळासनं नाव जाड शे, मंग मी कोण?"

भिकन दिवसभर जेवला नाही. मला खरंच वाईट वाटलं. धनश्रीने ती पत्रिका उचलली, मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने लिहिलं, "फुवा, तुम्ही आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही," आणि शिरपूरला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. हळदीच्या आदल्या दिवशी हिलालराव हजर झाले. पत्रिका त्यांच्या खिशातच होती, आणि भेटेल त्याला ते मागची बाजू दाखवत होते.

ही मोठी चूक झाली. उरलेल्या एकशे तेरा जणांनीही ती बाजू पाहिली.

हल्ली लिंबायतमध्ये हाताने लिहिलेल्या अक्षरालाच खरा मान आहे. छगनने धनश्रीचं अक्षर मिळवून त्याचाही टाइप केला आहे. (जाड आणि अतिजाड, दोन्ही मिळतात.)

वाचकांना या लोकांचं हसू आलं असेल. आमची हरकत नाही. फक्त वर न बघता त्यांनी नवऱ्या मुलाचं नाव सांगावं. दिलं होतं, कंसात.