तंबोऱ्यावर पारखलेला हेडफोन

विमलताई झारा हातात धरूनच बाहेरच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता या घरात एक तर तुमचा हा टकटकाट राहील, नाहीतर मी राहीन."

बाळाचार्यांनी मुकाट्याने मोबाइल पालथा घातला. धारवाडच्या मळमड्डीत त्यांना सगळे आचार्य म्हणत. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि गेली तीस वर्षं संगीत मंडळात अंबूताईंच्या गाण्याला तबल्यावर साथ करणारे. असा माणूस मोबाइलवर खेळ खेळत बसतो हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, पण त्याला कारण होतं. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला होता. प्लास्टर निघालं तरी बोटं आखडलेलीच राहिली, तेव्हा बेंगळूरच्या लेकीने, स्मृतीने, व्यायाम म्हणून हा खेळ मोबाइलवर घालून दिला. गाणं सुरू होतं, वरून रंगीत गोळे खाली येतात आणि ठोक्यावर नेमकं बोट मारायचं. नेमकं पडलं तर गोळा हिरवा, नाहीतर लाल, आणि वर 'अर्ली' की 'लेट' असा शेराही उमटतो. आचार्यांना पहिल्याच दिवशी शंभरात ब्याण्णव पडले. जन्मभर दुसऱ्यांना मार्क देत आलेल्या माणसाला स्वतः मार्क मिळवायची चटक लागली ती लागलीच.

विमलताईंच्या नोटिशीनंतर हेडफोन घेणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी आचार्य चिगरी बसने हुबळीला गेले. दुर्गदबैलाजवळ सागरचं मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं. त्याच्या आजोबांनी निपाणीहून येऊन थाटलेलं भांड्यांचं दुकान नातवाने चार्जर आणि कव्हरांनी भरून टाकलं होतं. त्याने सात-आठ हेडफोन काउंटरवर मांडले आणि विचारलं, "गाणी ऐकायला पाहिजे का गेमला, अण्णा? गेमला असलं तर वायरचाच घ्या बघा."

नेमका त्याच वेळी शेजारी रोहित उभा होता. आचार्यांचा जुना विद्यार्थी, आता कोर्टात नाव काढलेला वकील. त्याने भर दुकानात वाकून नमस्कार केला. आता अशा माणसासमोर 'गेमला' हा शब्द तोंडातून निघणार कसा?

"संगीतासाठी," आचार्य गंभीरपणे म्हणाले.

आणि एकदा संगीत म्हटल्यावर पारखही संगीताच्या रीतीने होणं आलं. त्यांनी मोबाइलवर तंबोरा लावला, स्टुलावर मांडी घातली आणि एकेक हेडफोन कानाला लावून डोळे मिटले. वायरचे सगळे त्यांनी "पत्र्याचा डबा" म्हणून बाजूला सारले. शेवटी एक काळा, मऊ गाद्यांचा, बिनवायरचा हेडफोन कानावर चढला आणि त्यातून तारांची जवारी अशी सुरेख निघाली की आचार्यांची मान आपोआप डोलली. सागर म्हणाला, तंबोरा ऐकायला याच्या तोडीचा माल अख्ख्या हुबळीत नाही. रोहितनेही मान डोलवली. तंबोऱ्याला ठोका नसतो, एवढी एक गोष्ट मात्र त्या घटकेला कोणाच्याच ध्यानात आली नाही.

घरी येऊन आचार्यांनी तो हेडफोन लावून खेळ सुरू केला. पहिला गोळा लाल. लेट. दुसरा लाल. लेट. गाणं संपेपर्यंत पडद्यावर नुसता लाल चिखल झाला आणि मार्क पडले एकेचाळीस. आचार्यांनी चष्मा पुसला, ते पाणी प्यायले, पुन्हा बसले. अडतीस.

हेडफोन भारीचा, आवाज अस्सल, तेव्हा खोट हेडफोनात असणं शक्यच नव्हतं. खोट आपल्यात. आपली लय गेली.

ही भीती आजची नव्हती. त्यांचे गुरू धोंडिबा मास्तर सत्तरीला आले तेव्हा लयीला मागे पडू लागले होते. अख्ख्या धारवाडला ते कळत होतं, फक्त मास्तरांना कळत नव्हतं. गाणारे सांभाळून घेत, ऐकणारे माना डोलवत, आणि तिशीतले बाळाचार्य मास्तरांना घरी सोडताना रोज म्हणत, "आज रंगलं बरं का, मास्तर." आता आपली पाळी आली होती, आणि आपल्यालाही कोणी सांगणार नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी मंडळाची बैठक होती, अंबूताई गाणार होत्या. हात मोडल्यापासूनची आचार्यांची ही पहिलीच साथ.

तबल्यावर हात टाकून खात्री करावी, तर तबला वरची चामड्याची पुडी बदलायला मिरजेला गेलेला. शनिवारपर्यंत यायचा नव्हता. फोनचा आवाज उघडा ठेवून खेळावं, तर विमलताई राहणार नव्हत्या. शेवटी आचार्यांनी त्यांनाच आडून विचारलं, "विमल, मी अलीकडे उशीर करतो का गं?"

"अलीकडे?" विमलताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "लग्नात तुमची वाट बघून अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते."

आचार्यांनी कानाचे डॉक्टर गाठले. डॉक्टर किरण यांनी यंत्र लावून सगळे सूर ऐकवले आणि सांगितलं की कान विशीतल्या पोराचे आहेत. दुसरा एखादा पेढे वाटत घरी आला असता. आचार्य आणखी खचले, कारण कान चांगले म्हणजे बिघाड त्याच्याही आत होता.

मग त्यांनी ठरवलं की लाज जाण्याआधी आपणच बाजूला व्हावं. ते अंबूताईंच्या घरी गेले. पण अंबूताईंनी आधी अवलक्कीची, म्हणजे पोह्यांची, बशी पुढे ठेवली आणि स्वतःचंच सांगायला सुरुवात केली. दम पुरत नाही, घरचे म्हणतात आता पुरे, ही बहुधा शेवटचीच बैठक. "तुम्ही आहात म्हणून धीर आहे बघा, आचार्य," त्या म्हणाल्या. आचार्यांनी अवलक्की संपवली, बशी खाली ठेवली आणि आले तसे परत गेले.

आता एकच वाट उरली. तालीम. आचार्य सकाळ-संध्याकाळ हेडफोन चढवून बसू लागले. ठोका कानावर पडल्यावर बोट मारलं की लाल, हे तर दिसतच होतं. म्हणून ते कानावर पडायच्या किंचित आधी, नुसत्या अंदाजाने बोट मारू लागले. बावन्न झाले, सदुसष्ट झाले, आणि शुक्रवारी ब्याण्णव पडले. आचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेली लय परत आली होती.

शनिवारी सकाळी हेडफोन चार्ज होईना, म्हणून ते हुबळीला गेले. सागरने चार्जिंगच्या भोकातली धूळ फुंकून काढली आणि सहज विचारलं, काय काय ऐकता. या वेळी दुकानात वकील नव्हते. आचार्यांनी आवाज उतरवून खरं ते सांगितलं.

सागर त्यांच्याकडे बघतच राहिला. "अण्णा, मी विचारलो होतो की नाही? या बिनवायरच्यात आवाज जरा मागून, उशिरा येतो. गाणं ऐकताना काही कळत नाही. गेममध्ये घात होतो."

त्याने एक साधा वायरचा हेडफोन मोबाइलला जोडून दिला. आचार्यांनी बोट मारलं. अर्ली. पुन्हा मारलं. अर्ली. पडदा पुन्हा लालभडक झाला. तेव्हा त्यांना सगळं कळलं. लय कधी गेलीच नव्हती. चांगला सरळ हात होता, तो त्यांनी स्वतः आठ दिवस खपून, घाम गाळून बिघडवला होता. त्यांनी वायरचा हेडफोन विकत घेतला आणि परतीच्या बसमध्ये धारवाडपर्यंत ठोके मारले. धारवाड आलं तरी अर्लीच येत होतं.

दुपारी मिरजेहून तबला आला. आचार्य दार लावून बसले, पण हात दावं तोडलेल्या वासरासारखा पुढेच पळत होता.

रविवारी सकाळी मंडळाचा हॉल भरला. आचार्यांनी देवाचं नाव घेऊन ठेका धरला. हाताला आवरायचं, असं मनाला बजावत होते आणि हात ऐकत नव्हता. पहिल्याच समेला अंबूताईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. आचार्यांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मग अंबूताई हसल्या आणि गात राहिल्या. त्यांचा आवाज मोकळा होत गेला, तानेमागून तान येऊ लागली, समोरच्या माना डोलू लागल्या. पण धारवाडच्या डोलणाऱ्या मानांची किंमत आचार्यांइतकी कोणाला ठाऊक असणार?

बैठक संपल्यावर मागच्या खोलीत ते हात जोडूनच अंबूताईंसमोर उभे राहिले. "माफ करा, अक्का. हात पुढे जात होता."

"पुढे कुठे?" अंबूताई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, माझी सम ऐकून मग तुमचा हात पडतो, आणि मी समेवर येऊन तुमची वाट बघत थांबते. आज पहिल्यांदा दोघं एकदम पोचलो."

आचार्यांनी जोडलेले हात सोडले. "मग इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

अंबूताईंनी तंबोऱ्याला गवसणी घातली. "तुम्ही धोंडिबा मास्तरांना बोलला होता?"

गवसणीची दोरी बांधून झाल्यावर अंबूताई म्हणाल्या, "आता इतक्यात काही मी थांबत नाही. पुढच्या महिन्यात उणकलला गायला बोलावलंय. येणार की?"

घरी येताच आचार्यांनी वायरचा हेडफोन विमलताईंना मालिका बघायला देऊन टाकला. काळा हेडफोन त्यांनी पुसून चार्जिंगला लावला, कारण महिनाभर तालीम चुकवून चालणार नव्हतं. थोड्या वेळाने विमलताई त्यांना जेवायला हाक मारायला म्हणून वळल्या, तर आचार्य आधीच पाटावर येऊन बसले होते आणि कुकरची पहिली शिट्टीही अजून व्हायची होती.