अमरांसाठी मागची खोली

कोणत्याही थोर कादंबरीला तीन गोष्टी लागतात : कल्पना, काळ आणि कागद. यांपैकी कागदाची गरज अजून सिद्ध झालेली नाही. आमचे साडू आपल्या कादंबरीची कल्पना गेली सहा वर्षं विकसित करत आहेत आणि तिला त्यांनी कागदाचा वाराही लागू दिलेला नाही. हल्ली लोक सकाळी उठतात आणि लिहितात. (मग छापतात. मग आपल्याला भेट देतात आणि आठवड्याने फोन करून विचारतात, कशी वाटली.) त्या मानाने साडूंचा संयम उठून दिसतो.

कल्पना अशी : एका अद्भुत प्रदेशात अमर लोक राहतात. मरण नाही, त्यामुळे जगायचं कशासाठी हे त्यांना कळत नाही. तेव्हा ते जीवनाचा उद्देश शोधायला निघतात. ऐकणारा म्हणतो, "वा! पुढे?" इथपर्यंत कादंबरी तयार आहे.

पुढची व्यवस्था लावण्यासाठी साडूंनी कल्पना विकास मंडळ स्थापन केलं. मंडळ दर रविवारी त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत भरतं. सभासद चार. साडू स्वतः अध्यक्ष. ते पाण्याच्या मीटरांच्या खात्यात आहेत. काटा हलतो की नाही हे बघायचा त्यांना पगार मिळतो. शिवाय दातांचे डॉक्टर, विमा एजंट आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. मी निमंत्रित. मला मताचा अधिकार नाही, चहाचा आहे.

मंडळाचा नियम एकच, पण कडक : शेवटच्या सभासदाची शेवटची शंका फिटेपर्यंत एक ओळही लिहायची नाही. या नियमाचं महत्त्व लगेच लक्षात येणार नाही. इतरांच्या कादंबऱ्यांत ज्या चुका सापडतात, त्या सगळ्या लिहिण्याच्या टप्प्यावर झालेल्या असतात. आमच्या मंडळाने तो टप्पाच ताब्यात ठेवला आहे. परिणामी या कादंबरीत आजतागायत एकही चूक नाही.

कामाची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे. भूगोलाच्या बाईंनी अमरप्रदेशाचा नकाशा काढला. तो भिंतभर आहे आणि खिडकीपाशी वळून थोडा पुढच्या भिंतीवर गेला आहे. त्यात नद्या आहेत, खारी दलदल आहे, पाऊस कुठे अडतो ते डोंगर आहेत. रस्ते नाहीत, कारण अमरांना कुठे जायचं आहे ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं की माणूस अमर असेल, दाढेचं काय? त्यावर पावसाळ्याचे सगळे रविवार गेले. शेवटी दर शंभर वर्षांनी नवे दात येतील असा ठराव झाला. अक्कलदाढेचा विषय राखून ठेवला आहे.

विमा एजंटांचा आक्षेप तात्त्विक आहे. ज्यांना कधीच काही होणार नाही, अशा लोकांबद्दल त्यांना मुळात आपुलकीच वाटत नाही. तरी ते नियमाने येतात. नात्यांचा तक्ता त्यांनीच केला. अमरांत कोणी जात नसल्यामुळे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांच्याही वरचे, ज्यांना भाषेत शब्दच नाही, असे सगळे एकाच घरात हयात असतात. एका सुनेला सरासरी एकोणतीस सासवा निघाल्या. (सासूची सासू, तिची सासू, अशा. चुलत धरलेल्या नाहीत.) हा तक्ता आमच्या मेहुणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, चहाचा ट्रे ठेवता ठेवता पाहिला.

"या बायका काय शोधतायत ते मी सांगू का?" ती म्हणाली. "दार."

ही सूचना मंडळाबाहेरून आल्यामुळे नोंदवली गेली नाही.

खरी अडचण उद्देशाची. आजवर एकूण बेचाळीस उद्देश सुचवले गेले. चाळीस फेटाळले, एक सुचवणाऱ्याने परत घेतला, एक काय होता ते कोणालाच आठवत नाही. प्रेम सुचलं, पण ज्याला जीव ओवाळून टाकता येत नाही तो प्रेमात ओवाळणार काय? सूड सुचला, पण शत्रूही अमर. आज नाही तर पुढच्या युगात गाठू. ज्ञान सुचलं, तर बाई म्हणाल्या, मुलांना सहामाहीचं वार्षिक परीक्षेपर्यंत आठवत नाही. थोडक्यात, जे उद्याही करता येतं ते अमर माणूस पहिल्या प्रकरणात करणार नाही, आणि अमर माणसाला सगळंच उद्या करता येतं. त्यामुळे पहिलं प्रकरण उघडलं की सगळे बसलेले सापडतात. साडू म्हणतात, पात्रं आता स्वतःच्या स्वभावाने वागू लागली आहेत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मेहुणीला शाळेचं काम मिळायची वेळ आली.

मेहुणी गणवेश शिवते. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात आहे. कोणाला आंघोळीला जायचं असलं की तिला स्टुलासकट उठावं लागतं, आणि घरात माणसं पाच. कापड ती पलंगावर बेतते. रात्री पलंगावर माणसं झोपतात, त्यांच्या अंगाला सकाळी खडू लागलेला असतो. एवढ्यावरही तिचा हात असा की एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला सगळ्या वर्गांचे गणवेश द्यायची तयारी दाखवली. अट एवढीच की काम बोळात नको. दोन मशीनं आणि कापायचं टेबल मावेल अशी जागा हवी, आणि ती जागा मुख्याध्यापिका सोमवारी सकाळी स्वतः येऊन बघणार. जागा नसेल तर काम चौकातल्या शिंप्याकडे जाणार.

घरात अशी जागा एकच होती, आणि तिथे अमर राहत होते.

मेहुणीने खोली मागितली. साडूंनी सांगितलं की कल्पना ऐन भरात आहे. दोन दिवस घरात भांडी जरा मोठ्याने ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना बोलावणं धाडलं. सासरे कोर्टात नोकरीला होते; तिथे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे निकाल उतरवून घेतले, त्यामुळे स्वतः एखादा द्यायची इच्छा राहून गेली होती. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा पुसला आणि निवाडा दिला : रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कादंबरीचं एक पान लिहून दाखवावं. पान झालं तर खोली कादंबरीची. नाही झालं तर मशीनची.

"एकच पान, बाबा?" साडूंनी विचारलं. त्यांचा अपमान झाला होता.

"पाठपोट नको," सासरे म्हणाले. "एका बाजूला चालेल."

मेहुणी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावोजी, यांनी खरंच लिहिलं तर हो?" तिच्या आवाजात काळजी होती. तेरा वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याच्या कर्तृत्वाबद्दल इतकी धास्ती मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

रविवारी मंडळ सकाळी नऊलाच भरलं. कोरा कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. कोणी चुकून लिहू नये म्हणून पेन अध्यक्षांकडे होतं. डॉक्टरांनी अक्कलदाढेची आठवण करून दिली. ती बहुमताने संध्याकाळनंतर ढकलण्यात आली. हा मंडळाच्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय. मग उद्देशावर चर्चा सुरू झाली आणि जेवणापर्यंत नवे चार पडले. तीनच्या सुमारास साडूंचा चेहरा उतरला. बोळातून मशीनचा आवाज येत होता. मेहुणी मुख्याध्यापिकेला दाखवायचा नमुन्याचा शर्ट शिवत होती.

साडेचारला विमा एजंट, जे सहा वर्षं फक्त विरोध करत आले होते, ते खुर्चीतून हळूच उठले.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे, काही उरकायचं नाही, मागे कोणी लागलेलं नाही... त्यांना कादंबरी लिहायला बसवलं तर?"

डॉक्टरांनी शंका शोधली, सापडली नाही. बाईंनी नकाशाकडे पाहिलं; लिहायला बसायचं तर रस्ते नसले तरी चालतात. अमरांचा उद्देश : कादंबरी लिहिणं. ठराव एकमताने मंजूर झाला. डॉक्टरांनी साडूंना मिठी मारली. साडूंचे डोळे भरून आले. सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणाचीही शंका शिल्लक नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "ते अमर लोक कादंबरी लिहितायत, ती कशावर?"

साडूंनी टोपण परत लावलं.

हा प्रश्न डावलून पुढे जाणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. बरीच भवति न भवति होऊन असं ठरलं की अमरांची कादंबरी मर्त्य माणसांवर असावी. मर्त्य माणसांचं वैशिष्ट्य काय, तर त्यांच्याकडे वेळ थोडा असतो आणि तो कशात घालवावा हे त्यांना कळत नाही. ही कल्पना मंडळाला इतकी अद्भुत वाटली की ती स्वतंत्रपणे विकसित करण्यासाठी उपमंडळ नेमायचं ठरलं. सभासद चार. तेच.

नावं मंजूर होत असताना सासरे आत आले. त्यांनी कागद उचलला, उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. मग लेकीला हाक मारली, "मशीन आण गं आत."

मशीन जड असतं. एका बाजूने मेहुणीने धरलं, दुसऱ्या बाजूने साडूंनी. दारात अडकलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, जरा तिरकं करा." त्यांनी केलं. नकाशा काढून त्याची गुंडाळी बाईंच्या हातात देण्यात आली. टेबल तिथेच राहिलं. कापायला उत्तम निघालं.

सोमवारी मुख्याध्यापिका आल्या, खोली बघितली, खिडकीचा उजेड बघितला आणि काम देऊन गेल्या.

मंडळ बंद पडलं असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. ते आता डॉक्टरांच्या दवाखान्यात भरतं, जिथे बाहेरच्या बाकावर बसून वाट बघायची सोय मुळातच आहे. साडूंना खोली गेल्याचं दुःख नाही. ते म्हणतात, आपल्या पात्रांना काही घाई नाही. उपमंडळाचं काम मूळ मंडळापेक्षा जोरात आहे.

अमरांचं शेवटी काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. त्यांना काही होत नसतं, पहिल्या पानापासून हेच सांगितलं आहे. तरी तुम्ही इथपर्यंत वाचलंत, त्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात मेहुणीच्या दोन कॉलरी बसतात.