इंजिन उतरलंच आहे तर...

क्लचचं पेडल जरा वर उचलल्यासारखं वाटत होतं. एवढंच. आता एवढ्या गोष्टीसाठी शहाणा माणूस गॅरेजात जातो का? नाही जात. पण रविवारी मिठबावला जायचं होतं, आणि मी म्हटलं, जरा घट्ट करून घेऊ, बाबलीचं दहा मिनिटांचं काम. (हे वाक्य मी आता आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही. दाढी करायला बसतानासुद्धा नाही.)

मिठबाव म्हणजे माझी सासुरवाडी. तिथे माझ्या बायकोच्या, नम्रताच्या, भावाची, विश्वेशची, रविवारी घरभरणी, म्हणजे नव्या घराची पूजा होती. गेल्या वर्षी त्याच्याकडच्या सत्यनारायणाला आमची गाडी चढावावर मान टाकून बसली आणि आम्ही पोचलो तेव्हा लोक पत्रावळी उचलत होते. नम्रता त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. परत येतानाही नाही. मग आठ दिवस नाही. या वेळी तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्या खेपेक पूजा चुकली तर मी मिठबावाकच ऱ्हवतलंय. तुमी आणि तुमची गाडी, दोघा हयसर सुखान नांदा."

ती बोलते ते करते, हे मला सतरा वर्षांच्या अनुभवावरून माहीत आहे.

तेव्हा सोमवारी सकाळी शाळेत जाताना (मी हायस्कुलात क्लार्क आहे) गाडी बाबलीच्या हवाली केली. बाबली माझा वर्गमित्र. कुडाळच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. संध्याकाळी गाडी न्यायला गेलो आणि दारातच थबकलो. गाडीचं तोंड उघडं, आत मोठा खड्डा, आणि माझं इंजिन वर साखळीला लोंबत होतं! त्यातून थेंब थेंब काळं तेल गळत होतं. खाली बाबली शांतपणे चहात बटर बुडवून खात होता.

"बाबल्या! अरे, ह्या काय केलंस?"

"घाबरतंस कित्याक? इंजिनच उतरला हा, तुजा काळीज नाय."

"पेडल घट्ट करायला सांगितलं होतं ना मी?"

"पेडलाक काय धाड भरली नाय. क्लच प्लेटीचो पापड झालो हा. खाऱ्या वाऱ्यान बोल्ट गंजान एक झालेत, म्हणान इंजिनच खाली घेवचा लागला." मग त्याने प्लेट माझ्या नाकासमोर धरली आणि डोळे बारीक करून विचारलं, "पाय ठेवतंस काय रे क्लचार? चलवताना? तेनाच झिजता ही."

"छे!" मी म्हणालो.

(ठेवतो. कायम ठेवतो. माणसाने वेळेला तयार असावं, अशी माझी समजूत आहे. डावा पाय नुसता लोंबकळत ठेवला की मला असुरक्षित वाटतं.)

"बरा," बाबली म्हणाला. "आता इंजिन उतरलाच आसा, तर मागचो ऑइल सील पण बदलून घेवया. उद्या गळाक लागलो तर परत इंजिन उतरवचा लागात."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर कुणी काहीही सांगितलं तरी मला ते पटतं. घरी येऊन नम्रताला सांगितलं, ऑइल बदलतोय. ती शिवणक्लासला निघायच्या घाईत होती, तिने नुसती मान हलवली. सुटलो!

मंगळवारी बाबलीचा फोन आला: इंजिन उतरलंच आहे, तर टायमिंग बेल्ट? बुधवारी: बेल्ट काढलाच आहे, तर त्याच्यामागचा वॉटर पंप? आणि इंजिन ज्यांच्यावर बसतं ती रबराची माउंटिंगं? होस पाइप? मी प्रत्येक वेळी 'विचार करून सांगतो' म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर घाम पुसायचो. शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं, "घरात कोणी सीरियस आहे का?" मी "हो" म्हणून गेलो. त्यांनी मला लवकर सोडलं, हा त्यातला एकच फायदा.

गुरुवारी भाईंनी घात केला. भाई म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त तलाठी. वाडीत कुणाच्या विहिरीचं दोरखंड तुटलं तरी पंचनामा तेच करतात. ते सहज म्हणून गॅरेजात गेले, लोंबणाऱ्या इंजिनाचा फोटो काढला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला: 'गणपतच्या इंजिनात काय काय बदलूचा? आपापला मत कळवा.' तासाभरात सदतीस मतं आली. मुंबईला असलेल्यांचीसुद्धा. कुणी म्हणालं बेल्ट टाकाच, कुणी म्हणालं गाडीच टाका. एकाने फोटो नीट न बघता 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि त्याच्याखाली चौघांनी हात जोडले.

नम्रता त्या ग्रुपवर आहे, हे मी विसरलो होतो.

"अहो," ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात मोबाइल. "ह्या ऑइल बदलतहत?"

मी दारातल्या नळावर हात धुवायला लागलो.

"आज गुरुवार. रविवारी सकाळी साताक निघूचा आसा. बाबली काय म्हणता?"

"तो म्हणतो, काय काय बदलायचं ते सांग, नाहीतर मी इंजिन चढवत नाही. नंतर तूच ओरडशील."

"मगे सांगा! इतक्या कसला कठीण?"

"सुचत नाही गं," मी खरं ते सांगितलं. मला रडूच येत होतं. वीस वर्षं क्लार्की केलेला माणूस. वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय मी खडूचा खोकासुद्धा फोडलेला नाही. आता या प्रकरणात वरिष्ठ कोण?

तेवढ्यात कुंपणापलीकडून भाई ओरडले, "गणपत, एवढो इचार कित्याक करतंस? देवाक कौल लाव!"

आमच्याकडे अडलेलं काम शेवटी ग्रामदेवापुढे, रवळनाथापुढेच जातं. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, जमिनी, सगळं असंच ठरतं. मग वॉटर पंपानं काय पाप केलंय?

शुक्रवारी सकाळी आम्ही देवळात. मी, नम्रता, भाई, हातात पाना घेऊन बाबली, आणि 'काय चल्लाहा' म्हणत आलेली निम्मी वाडी. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान, गणपतान, गाडयेचा इंजिन बाबलीच्या साखळेक टांगून ठेवला हा..."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"काय बदलूचा आणि काय ठेवचा, ह्या तेका सुचणा नाय..."

"व्हय म्हाराजा!" (हे जरा जास्तच जोरात झालं.)

"तर तूच काय ता सांग, आणि तेका ह्या इघ्नातसून भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काम भराभर झालं. ऑइल सील, उजवा कौल. बेल्ट, उजवा. वॉटर पंप, डावा. बाबलीचं तोंड पडलं, पण देवापुढे काय बोलणार? माउंटिंग, उजवा. मला इतकं हलकं वाटलं की मी नारळ उचलायला पुढे झालो.

"गुरवानू, थांबा," नम्रता म्हणाली. "माजो एक प्रश्न ऱ्हवलो. इंजिन उतरलाच आसा, तर गाडी चलवणारो पण बदलून घेवचो काय, ता इचारा."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं. भाई म्हणाले, "इचारा, इचारा. प्रश्न रास्त आसा."

गुरवाने तोंड उघडलं. "बा देवा म्हाराजा, गाडी च..."

उजवी पाकळी पडली! प्रश्न पुरता व्हायच्या आत! माझा डावा पाय आपोआप मागे गेला. देवाला सगळं माहीत होतं. त्या पेडलाचंसुद्धा.

"व्हय म्हाराजा!" म्हणताना देवळाचं छप्पर हललं.

"अरे, पण..." माझा आवाज चिरकला, "चालवायला दुसरं माणूस आणायचं कुठून? परवावर आली घरभरणी!"

नम्रताने पर्स उघडली, एक कार्ड काढलं आणि देवापुढे ठेवलं. मी वाकून पाहिलं. ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो तिचा. नाव तिचं. मी ते उलटून मागची बाजूही वाचली.

"तू... कधी?"

"शिवणक्लासाक जाय होतंय ना."

(सहा महिन्यांत एकही ब्लाउज घरी आला नव्हता. मला वाटायचं, अवघड डिझाइनपासून सुरुवात केली असेल.)

"सांगितलं का नाहीस?"

"सांगलंय असता तर तुमी शिकवक बसला असतात," ती म्हणाली, आणि गुरवाला दक्षिणा दिली.

बाबलीने शनिवारी रात्रीपर्यंत इंजिन चढवलं. रविवारी सकाळी सातला गाडी गॅरेजातूनच निघाली. स्टिअरिंगवर नम्रता. तिच्या शेजारी भाई, कारण मागे बसलं की त्यांना ओकारी येते; मागे मी. डिकीत विश्वेशसाठी नारळ आणि तांब्याचं घंगाळ. निघताना बाबलीने काढलेले सगळे जुने पार्ट पोत्यात भरून आणले, "मालकान बघून घेवचे" म्हणाला आणि पोतं माझ्या मांडीवर ठेवलं. सीटला तेल लागलं असतं ना.

तिने गाडी काय सुंदर चालवली! मला कबूल करायला जड जातंय, पण चढावावर गाडीने एकदाही हुंदका दिला नाही. मी मागून वाकून वाकून पाहत होतो. तिचा डावा पाय खाली, आरामात.

मिठबावला पोचलो तेव्हा भटजी अजून आंघोळीला गेलेले होते. नम्रताने गाडी थेट घरापुढच्या खळ्यात घातली. सगळं घर बाहेर आलं. तिचा चेहरा इतका फुलला होता की मलाही क्षणभर पोत्याचं वजन जाणवलं नाही. सासूबाईंनी, आमच्या अक्कांनी, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मागच्या काचेतून आत डोकावून पाहिलं.

"ह्या मागे काय आणलंस गो?"

"जुने पार्ट," नम्रता म्हणाली. "इंजिन उतरलेला, तेव्हा बदलून घेतलंय."

अक्कांनी पोत्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"असूदे गो," त्या म्हणाल्या. "एकदम टाकू नको. अडीनडीक हो जुनोच उपयोगी पडता."

पोतं विश्वेशने त्याच दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकलं. मला नम्रताने संध्याकाळी परत आणलं, मागच्याच सीटवर.