सेनापतीची पाठ सापडत नाही

खरं तर बायकोने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत नाटक, मुलगी सेनापती, आणि तिच्या कोटाचे कागद बायकोने हातानेच आखून ठेवले होते. फक्त कापड कापून शिवायचं बाकी होतं. पण मला राहवेना.

"या काळात हाताने?" मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर आखायचं, बटण दाबायचं! प्रोग्रॅम फुकट मिळतो. फक्त सोर्स कोड, म्हणजे त्याचा कच्चा माल, उतरवून घरच्या घरी बांधून घ्यायचा."

"म्हणजे आधी प्रोग्रॅम शिवायचा, मग कोट?" असं विचारून ती भाजी आणायला गेली.

(प्रश्न किती रास्त होता, हे मला दुपारी कळलं.)

कमांड दिली. उत्तर आलं, चित्रं काढणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार भाग, सापडत नाही. ती आणली, तर तिला अक्षरं मांडणारी हवी. त्या बाईसाहेबांना आणखी एक हवी, आणि ती आमच्याकडे होती, पण जुनी! आता, मी ऑफिसात आवक-जावक टेबलावर वीस वर्षं काढलेला माणूस. कुठलंही जोडपत्र कमी पडलं की नोंद केल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. शेजारी खाकी कागद पडला होता. एका बाजूला पेन्सिलीच्या कसल्यातरी रेघा होत्या, पण मागची बाजू छान कोरी. एकेक पट्टी फाडायची, काय हवं ते लिहायचं, खुर्चीच्या पाठीला चिकटवायची. काम झालं की पट्टी टोपलीत. अशा चौदा झाल्या! मध्येच चिकटपट्टी संपली म्हणून दुकानात जाऊन आलो. दुकानातून निघताना मागे हशा पिकला. जिन्यात मागून येणाऱ्या शेजारच्या काकूही खुदुखुदु हसत होत्या. माझा पराक्रम सगळ्यांना कळला असावा, म्हणून मीही हसलो.

संध्याकाळी पाचला प्रोग्रॅम उघडला. मी घरभर नाचलो.

"सांग मापं!"

"मापं कागदावरच आहेत." बायको वाकून टेबलाखाली शोधत होती. "बाह्या आहेत, कॉलर आहे. पाठ सापडत नाही."

मी टोपलीकडे बघितलं. मग तिनेही बघितलं.

"उद्या मी बिनपाठीची सेनापती?" मुलीचा ओठ थरथरला.

मला फार वाईट वाटलं. मी टोपली जमिनीवर पालथी केली. आणि सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदाच माझा कुणाला उपयोग झाला! कुणाला कोण हवी होती हे मला तोंडपाठ होतं, आणि त्याच क्रमाने मी कागद फाडला होता.

"अक्षरवाली चित्रवालीच्या खाली!" मी ओरडायचो, मुलगी जुळवायची, बायको हसत हसत चिकटवायची. तेरा पट्ट्या जुळल्या. मधली एक मात्र कुठेच नाही.

"बाबा, जरा वळा बघू," मुलगी म्हणाली.

खुर्चीला टेकून बसण्याच्या नादात ती पट्टी माझ्याच शर्टाला चिकटली होती, दुपारपासून. बायकोने माझ्या सुवाच्य अक्षरातली नोंद मोठ्याने वाचली, "हे फार जुने आहे. काढून नवीन बसवावे."

मग पट्टी अलगद सोडवून घेत ती म्हणाली, "आधी कोट होऊ दे. नवीन बसवायचं ते नाटक झाल्यावर बघते."